सोळा तारखेचे गुलाब

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, पुणे स्थानकावर लोणावळा लोकलची वाट पाहत असताना, मी पिशवीतली फाईल तिसऱ्यांदा उघडून पाहिली. राजीनाम्याचे पत्र जागेवर होते. सही केलेले, पण तारीख न घातलेले. ते हरवले असते तर मला किती हायसे वाटले असते, हे त्या क्षणी लक्षात आले आणि मी फाईल घाईने मिटली.

कारण आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. गेली चौदा वर्षे मी एका तंत्रनिकेतनात उद्योजकता हा विषय शिकवतो. यशस्वी उद्योजकाच्या अंगी कोणते गुण असावेत, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी क्रमाने सांगता येते. स्वतः मात्र मी आजवर वडापावची गाडीही चालवलेली नाही. अशा मला पवन मावळात, धरणाजवळच्या एका गावात, अर्ध्या एकराचे गुलाबाचे हरितगृह तीन वर्षांसाठी चालवायला घेण्याची संधी आली होती. उत्तर रविवारी दिवेलागणीपर्यंत द्यायचे होते. ‘हो’ म्हटले तर नोकरी जाणार होती. ‘नाही’ म्हटले तर पुढची चौदा वर्षे तोच धडा कोणत्या तोंडाने शिकवायचा, हा प्रश्न उरणार होता.

निघताना मृणाल, माझी पत्नी, दारात म्हणाली, “उत्तर घेऊन ये. आणखी एक तक्ता करून आणू नकोस.”

तक्ता पिशवीतच होता. डाव्या रकान्यात अकरा गुण आणि उजव्या रकान्यात मी स्वतःला दिलेले गुण. चिकाटीला आठ आणि नियोजनाला नऊ दिले होते. ‘निर्भयता’ या शब्दापुढची जागा मी रिकामी ठेवली होती.

ज्यांना या भागात जायचे आहे त्यांच्यासाठी: लोकलने सव्वा तासात कामशेत येते, तिकीट वीस रुपयांच्या आत. स्थानकाबाहेरून पवनानगरकडे एसटी जाते, पण तिच्या वेळेवर विसंबू नये. वडापची जीप मिळते. माणशी चाळीस रुपये, आणि ‘माणशी’ची व्याख्या चालक करतो. मी मागच्या बाकावर पाचवा होतो. उजवीकडे विसापूर आणि लोहगड सोबत चालतात, भातकापणी झालेली खाचरे पिवळी पडलेली असतात, आणि एका वळणावर पवनेचे पाणी अचानक समोर येते. दृश्य सुंदर आहे. मला ते नीट पाहता आले नाही, कारण मी पुन्हा पिशवीतली फाईल चाचपत होतो.

हरितगृहाचे मालक हुसेनभाऊ पवनानगरच्या चौकात मोटारसायकल घेऊन उभे होते. वय पन्नाशीचे, अंगाने बारीक, डोक्याला मफलर. त्यांची दोन हरितगृहे शेजारी शेजारी आहेत. एक ते स्वतः करतात. दुसरे त्यांच्या धाकट्या भावाचे होते. तो देहूरोडच्या डेपोत नोकरीला लागला आणि झाडे पोरकी झाली. तीच झाडे माझी होऊ घातली होती.

आत शिरताच दमट, ओलसर वास आला. गादीवाफ्यांवर कमरेएवढी झाडे रांगेने उभी होती. मधल्या पाटात एक म्हातारी बाई वाकून प्रत्येक झाडाचे पान उलटून पाहत होती. या ठकूमावशी. वर डोंगरातल्या पाड्यावरून रोज दीड तास चालत येतात, आणि गेली नऊ वर्षे हुसेनभाऊंची दोन्ही हरितगृहे त्यांच्या नजरेखाली आहेत.

“पानाखाली काय पाहता, मावशी?” मी विचारले.

“कोळी.”

“लाल कोळी? पण आता थंडी आहे. त्या किडीचा प्रादुर्भाव मुख्यतः उष्ण आणि कोरड्या हवेत होतो,” मी उत्साहाने समजावले.

“व्हय का?” त्या म्हणाल्या, आणि पुढचे पान उलटले.

आता या शेतीतली सर्वांत विलक्षण गोष्ट सांगतो, कारण माझा सगळा निर्णय तिच्यावर लटकलेला होता. लाल गुलाबाचा खरा हंगाम एकच: चौदा फेब्रुवारी. फूल त्या तारखेला हवे असेल, तर साधारण दोन महिने आधी झाडाचे शेंडे खुडावे लागतात. पाच पर्णिकांच्या पानावर खूण पाहून नखाने शेंडा मोडायचा. तिथला डोळा फुटतो, दांडी वाढते, कळी धरते. थंडी नेहमीसारखी असेल तर कळी वेळेवर येते. थंडी वाढली तर ती रेंगाळते, ऊब वाढली तर आधीच उमलते. म्हणजे माणूस डिसेंबरात नखाने एक निर्णय घेतो आणि त्याचे उत्तर त्याला फेब्रुवारीत मिळते. मधल्या काळात तो निर्णय मागे घेता येत नाही. हे समजले तेव्हा माझ्यातला शिक्षक हरखून गेला. माझ्यातला दुसरा माणूस तेवढाच घाबरला.

शुक्रवारी रात्री हुसेनभाऊंच्या घरी तांदळाची भाकरी, पवनेच्या माशांचे कालवण आणि इंद्रायणीचा भात होता. (गावात आता खोल्या मिळतात. जेवणासह हजाराच्या आसपास. पाण्याकाठच्या तंबूंत त्याच्या दुप्पट, आणि गाणी ऐकावी लागतात.) जेवताना मी वही काढली आणि विचारले, “भाऊ, या धंद्यात टिकायला माणसाच्या अंगात काय लागतं?”

“पाठ,” ते म्हणाले. “वाकावं लय लागतं.”

शनिवारी सकाळी त्यांनी मला एक वाफा दाखवला. “ह्यो तुमचा. कदी खुडायचा, तुमी ठरवा.”

मी गेल्या काही हिवाळ्यांचे तापमान छापून आणले होते. अर्धा तास गणित मांडले आणि सांगितले, “संपूर्ण वाफा आजच खुडावा. आजचा दिवस अचूक येतो.”

ठकूमावशी पदर तोंडाला लावून हसल्या. हुसेनभाऊ हसले नाहीत. त्यांनी मला स्वतःच्या हरितगृहात नेले. तिथे वाफ्यांच्या टोकांना चिंध्या बांधल्या होत्या. काही पांढऱ्या, काही हिरव्या, काही लाल.

“पांढरं म्हंजी चार दिस आदी खुडायचं. हिरवं बरूबर येळंला. लाल त्याच्या चार दिसांनी. एकदम कदीच न्हाई.”

“पण मग काही फुलं चुकणारच, भाऊ. दोन हिस्से मुद्दाम चुकवायचे?”

“व्हय. मुद्दाम.” ते वाफ्याच्या कडेला बसले. “सर, एका साली मी समदं एका दिसात खुडलं. आदल्या साली माजा अंदाज दिस न् दिस जुळलेला. व्यापारी म्हनायचे, हुसेनभाऊ, तुमाला कळतंय. म्हनलं, कळतंय तर चिंध्या कशाला बांधा? मंग जानेवारीत अशी थंडी पडली... चौदा तारखंला निस्त्या कळ्या, मुठीवानी मिटलेल्या. आन् सोळा तारखंला बगाल तर आतमधी नुसती आग लागलेली. इतकं देखनं फूल मी जल्मात बगितलं न्हाई.”

“मग काय केलंत?”

“शेळ्यांस्नी घातलं. चार दिस लाल लेंड्या,” मावशींनी मधेच सांगितले.

हुसेनभाऊ हसले, पण डोळे हसले नाहीत. “त्या साली मला जरा बी भ्या वाटलं न्हवतं, सर. त्योच घोळ झाला.”

मी ते वहीत लिहून घेतले. समजले होते असे मात्र म्हणवत नाही.

समजण्याची वेळ दुपारी तीनला आली. पाण्यावरून वारा सुटला. पाण्याकडच्या बाजूचे पडदे हवेसाठी गुंडाळून वर केलेले होते. वारा तिथून आत घुसला आणि छताचा प्लास्टिकचा कागद एखाद्या जनावराने श्वास घ्यावा तसा वर फुगला. मग आवाज आला: कागद धरून ठेवणारी नागमोडी तार एका कोपऱ्यात खाचेतून निसटली आणि तो कोपरा फटफटू लागला. तो फाटत गेला तर अर्ध्या एकराचे छत जाते, आणि डिसेंबरात छत गेले तर हंगाम जातो. हे सगळे मला माहीत होते. कारण आणि परिणाम मी फळ्यावर बाण काढून दाखवू शकलो असतो. मी हलू मात्र शकलो नाही. पडदा पाडण्याचे हँडल माझ्यापासून दोन हातांवर होते.

“सर!” ठकूमावशी पलीकडच्या टोकावरून ओरडल्या. “ती वही टाका आन् हँडल फिरवा!”

मी वही टाकली. हँडल फिरवले. पडदा खाली आला, फुगलेले छत थोडे बसले. तोवर हुसेनभाऊंनी शिडी लावली होती. मी धावत जाऊन ती धरली. वीस फुटांवर एका हाताने लोखंडी नळी पकडून ते दुसऱ्या हाताने तार परत खाचेत दाबत होते, आणि मला खालून त्यांची बोटे दिसत होती. ती थरथरत होती. साधी नाही, ज्वर भरल्यासारखी. तार दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली.

खाली आल्यावर त्यांनी आधी पाणी मागितले. तांब्या दातांवर वाजला.

“तुमचे हात...” मी म्हणालो.

“दर बारीला व्हतंय. नऊ वर्सं झाली.”

“कमी होत नाही?”

“न्हाई ना! म्हनून तर रोज सकाळी समद्या तारा हातानं चाचपतो. आज ह्यो कोपरा ऱ्हायला. तुमाला चिंध्या दाखवत बसलो.”

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि व्यापाऱ्याला सांगितले की वारा आला होता, छत वाचले आहे, पण दोन वाफ्यांतल्या दांड्या बुडापासून मोडल्यात. तेवढा माल धरू नका. मी थक्क झालो. फेब्रुवारीतली वाईट बातमी हा माणूस डिसेंबरातच कळवत होता.

“लपवलं असतं तरी चाललं असतं की, दोन महिने,” मी म्हणालो.

“आन् दोन म्हयनं मी झोपू कसा?”

त्या संध्याकाळी मी तक्ता काढून बसलो. चौदा वर्षे मी मुलांना ‘निर्भयता’ शिकवली होती आणि उत्तरपत्रिकेत ती नसली तर एक गुण कापला होता. इथे मात्र पान उलटून पाहणारी बाई, चिंध्या बांधणारा माणूस, तारा चाचपणे, आगाऊ फोन, यांतली एकही गोष्ट भीतीवाचून घडली नसती. या लोकांची भीती त्यांना पळवून लावत नव्हती, उठून पाहायला लावत होती. हे लिहायला सोपे आहे. माझी भीती कोणत्या जातीची, हे मला त्या क्षणीही ठाऊक नव्हते. हँडल दोन हातांवर असताना तिने मला खिळवून ठेवले होते.

रविवारी एसटी नव्हती, म्हणून हुसेनभाऊंनी मला मोटारसायकलवरून दुधिवरे खिंडीमार्गे लोणावळ्याला सोडले. चढ उभा आहे, वळणे आंधळी आहेत. स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी ब्रेक आधी तपासून घ्यावेत. प्रत्येक वळणावर, रस्ता रिकामा असला तरी, ते हॉर्न वाजवत होते. मी मागे डोळे मिटून बसलो होतो.

“कोणी नाहीये समोर, भाऊ,” एकदा डोळे उघडून मी म्हणालो.

“तुमाला दिसतंय व्हय, वळनापलीकडचं?”

लोणावळ्याच्या बाजारात रविवारची झुंबड होती. चिक्कीच्या दुकानापुढे एक पर्यटक विचारत होता, “ताजी आहे ना?” आणि दुकानदारीण न पाहता सांगत होती, “जुनी हवी असेल तर शेजारी जा.” मी मृणालसाठी शेंगदाण्याची अर्धा किलो घेतली. हुसेनभाऊंनी उत्तर विचारले नाही. निघताना एवढेच म्हणाले, “दिवेलागनीपत्तूर सांगा. उद्या खुडायला बाया सांगाव्या लागत्यात. तुमी न्हाई म्हनला तर राग न्हाई.”

स्थानकावरच्या बाकावर मी पावणेसहापर्यंत बसून होतो. दोन लोकल सोडल्या. चहा गार झाला. फलाटावरचे दिवे लागले तेव्हा मी फोन लावला. तिकडून “हां, सर?” असे दोनदा आले.

“भाऊ, बाया सांगा,” मी म्हणालो. “आणि चिंध्या... तीन रंगांच्या.”

“आन् तुमचा त्यो वाफा? काल समदा एकदम खुडायचा म्हनलाता.”

“एकदम नको. तोही तीन हिश्शांत.”

तेवढ्यात पुढची लोकल आली. ती पकडली, पण चिक्की बाकावरच राहिली.

आज जानेवारीचा दुसरा आठवडा संपतो आहे. राजीनाम्यावर तारीख घातली. महिनाअखेरपर्यंत मी नोकरीत आहे, म्हणून शनिवार-रविवार मावळात असतो आणि इतर दिवशी पुण्यातून घाबरतो. खुडलेल्या जागी नव्या दांड्या दीड वीत वाढल्या आहेत, कळ्या अजून धरायच्या आहेत. पहाटे हवामान पाहतो. काल नऊ अंश होते, आज आठ. ही फुले चौदाला येतील की सोळाला, मला माहीत नाही. तक्त्यात ‘निर्भयता’ खोडली आहे. त्या जागी काय लिहावे, ते अजून सुचलेले नाही. रोज संध्याकाळी सहाला मात्र न चुकता फोन करतो आणि एकच शब्द विचारतो: “पडदे?” ठकूमावशी सांगतात: “पाडलं.”

परवा तंत्रनिकेतनातली बैठक लांबली. साडेसहा वाजले. फोन माझाच वाजला.

“सर, आज फोन न्हाई केला?” ठकूमावशी होत्या.

“मावशी, बैठकीत अडकलो. आता करणारच होतो. पडदे?”

“पडदं पाडलं. पर मला घोर लागला. म्हनलं, सरांचं भ्या गेलं का काय!”

“नाही, मावशी. आहे.”

“मंग ठीक हाय,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.