बुटक्या टोमॅटोपायी

एका टोमॅटोपायी मी शेजारच्या काकांचा पुढचा दात पाडलाय. लाज वाटते, पण खरं ते खरं.

लालबागच्या आमच्या चाळीतली गॅलरी जेमतेम अडीच फुटांची. टोमॅटोची उंच झाडं लावली की ती कपड्यांच्या दोरीवर चढायची आणि काका करवादायचे, "वाट कसली अडवतेस गं!" बुटक्या जातीची लावली तर फळं गोट्यांएवढी, वर पाणचट. तीन वर्षं डोकं फिरलं माझं. मग एका मैत्रिणीनं बी दिलं. झाड गुडघ्याएवढंच, जाड बुंध्याचं, पण फळ मुठीएवढं आणि चवीला झकास आंबटगोड, म्हणाली. त्यातलं एकच बी रुजलं आणि झाडाला चार फळं धरली. आजारपणानंतर आईच्या तोंडाची चव गेली होती. बाजारच्या टोमॅटोचं सार ती थू करून टाकायची. तिला या झाडाचं सार पाजायचं आणि पुढच्यासाठी बी राखायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रविवारी सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तर झाड मुळासकट उपटलेलं. तीन फळं लादीवर फुटलेली. चौथं, लालभडक, काकांच्या खिडकीत!

माझं टाळकंच सटकलं. काका दारात आले, "अगं, ऐक..." म्हणाले, तेवढ्यात मी तो पितळी तांब्या त्यांच्या तोंडावर हाणला. परत हाणला. बनियन रक्तानं भरलं. काकूंनी माझी वेणी धरून मला कठड्यावर आपटलं, मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. अख्खा मजला गोळा झाला.

आई भिंत धरत बाहेर आली. "अगो मेले, काल मीच बांगडे धुतलेला पाणी घातलंय त्या झाडाक. जोर धरूंदे म्हणान!"

बांगड्याचं पाणी! वासावर चाळीतला बोका आला होता. कुंडीतल्या मातीत त्याच्या नखांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. मी बघितलंच नव्हतं.

काका तोंड दाबून म्हणाले, "कोणाच्या पायाखाली नको यायला, म्हणून उचलून ठेवला होता गं."

त्या एका फळाचं सार आई वाटीभर प्यायली. बी मी पेपरवर वाळवलं. आता गॅलरीत तशीच सहा बुटकी झाडं आहेत आणि पहिलं फळ मी काकांच्या उंबऱ्यावर ठेवते. पूर्वी ते टोमॅटो उभ्याउभ्या चावून खायचे. आता उचलून आत नेतात, सुरीनं चिरून खातात. माझ्याशी बोलत नाहीत.