बहिणीचं अभिनंदन

नेदरलँड्समध्ये नायमेखनला माझ्या शेजारी एक ट्युनिशियन गृहस्थ राहायचे. लॉकडाऊनमध्येसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत यायचे. हुकूमशहा पळाल्यावर झालेल्या त्यांच्या देशाच्या राज्यघटनेचं त्यांना फार कौतुक. "थोडी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे, थोडी पंतप्रधानाकडे, दोघांवर संसद," असं सांगायचे. 'राष्ट्राध्यक्ष' म्हणताना मात्र जुन्या सवयीनं आवाज खाली जायचा.

दोन हजार एकवीसच्या जुलैत तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधानांना काढलं आणि संसद बंद पाडली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी मला फोनवर व्हिडिओ दाखवला. रस्त्यावर जल्लोष चालला होता आणि त्यात त्यांची बहीण झेंडा फडकवत होती.

"तिला समजवा ना," मी म्हणालो.

"काय समजावू? तिचा नवरा ऑक्सिजन न मिळाल्यानं गेला, तेव्हा संसदेत नुसती भांडणं चालली होती. मी तिचं अभिनंदन केलं."