हक्काचं भांडण

मी सिंगापूरला निघाले त्या दिवशी चिंचवडपासून मुंबईच्या विमानतळापर्यंत अण्णा आणि मी भांडत होतो. विषय नेहमीचाच, देश. ज्याला देशाबद्दल वाटतं तो देश सोडत नाही, हे माझ्या वडिलांचं ठाम मत. आणि प्रेम दाखवायला तिथेच ठाण मांडून बसायला हवं असं थोडंच आहे, हे माझं. आईने शेवटी कानांवर हात ठेवले. "अरे, निदान आज तरी!" गेटपाशी ट्रॉली सोडताना अण्णा म्हणाले, "पोचलीस की फोन कर. अजून माझं संपलेलं नाही." मी हसतच आत गेले.

पहिली चार वर्षं दर रविवारी फोनवर आमची जुंपायची. मग मी इथला पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, घेतला. पासपोर्ट भारताचाच राहिला, पण अण्णांचा सूर बदलला तो बदललाच. काही बोलायला गेलं की "जाऊ दे, तुला आता त्याचं काय. जेवलीस का?" पाहुण्यांशी बोलतात तसं. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना कळेल, शिव्या परवडल्या पण ही अदब नको.

तेव्हा मी सिंगापुरातच, पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात काम करायचे. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या साइटवर वाचक ज्या प्रतिक्रिया लिहायचे त्या आम्ही तपासायचो. हिरवं बटण म्हणजे छापा, लाल म्हणजे उडवा. अमेरिकेत संध्याकाळ झाली की माझी सकाळ सुरू व्हायची. राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून गुडघा टेकणारे खेळाडू देशद्रोही की देशभक्त, यावर लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह एकमेकांचे आईबाप काढायचे. लाल बटणाची अक्षरं झिजली होती.

त्या गदारोळात दोघंच सभ्य होते. वॉल्टर आणि रूथ. वॉल्टर कट्टर झेंडेवाला; रूथ म्हणायची, देशाला जाब विचारणं हेच प्रेम. रोज भांडायचे, पण शिवी नाही. एकदा रूथने लिहिलं, "वॉल्टर, तुझ्या अंगणातला झेंडा तीनदा उसवला. तो शिवला कोणी, ते सांग ना लोकांना." हिला कसं ठाऊक? मी सिस्टिममध्ये पाहिलं. दोघांचं इंटरनेट एकच होतं. नवरा-बायको! एकाच घरात, दोन खोल्यांत बसून जगासमोर वाद घालत होते. मी एकटीच खुदकन हसले.

मग नऊ दिवस दोघंही गप्प. दहाव्या दिवशी वॉल्टरची एकच ओळ आली, "रूथ गेली." खाली दोन्ही बाजूंच्या लोकांनी हळहळ लिहिली. मला दिवसभर काही सुचेना.

चार दिवसांनी माझ्या स्क्रीनवर रूथचं नाव आलं. "वॉल्टर, तू चुकतोयस."

अंगावर सर्रकन काटा आला. खाली वॉल्टरचं उत्तर, त्याखाली पुन्हा रूथचं. तिचंच बोलणं, तिचाच टोमणा. वॉल्टरच लिहीत होता, दोन्हीकडून. आणि खरी भीती मला पुढे वाटली. जिवंतपणी रूथला त्याने एकदाही जिंकू दिलं नव्हतं. आता ती रोज जिंकायला लागली.

एका माणसाला दोन नावं चालत नाहीत, असा नियम होता. आमच्या टीम लीडने, मे लिंगने, ते पाहिलं. "रूल इज रूल, लाह," ती सिंगापुरी ढंगात हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. बटण मात्र मीच दाबलं. रूथचं खातं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी वॉल्टरने लिहिलं, "रूथ?" त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेवढंच. आठवडाभर रोज मीच ते हिरवं करत होते.

रविवारी, मी राहायचे त्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये, मी माझ्या लॅपटॉपवर नवं खातं काढलं. नाव टाकलं, रूथ. नोकरी गेली असती, शिवाय हे पाप आहे हेही कळत होतं. तरी लिहिलं, "वॉल्टर, देश म्हणजे नुसता झेंडा नव्हे. तू अजून चुकतोयस." शब्द न शोधता आले. तिच्यासारखं लिहायला मला जराही जड गेलं नाही.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "तू रूथ नाहीस. कोण आहेस ते सांगू नकोस. पण चुकते आहेस तू. उद्या याच वेळेला ये, का ते सांगतो."

 मी ढसाढसा रडले, कारण 'तू चुकते आहेस' असं मला तीन वर्षांत कोणी म्हटलंच नव्हतं.

तसाच फोन उचलला. "अण्णा," मी मुद्दाम चढ्या आवाजात म्हटलं, "तुमचं देशप्रेम म्हणजे नुसता देखावा आहे!" आणि वाट पाहिली. पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाल्याचं ऐकू आलं.

"असेलही," अण्णा म्हणाले. "तू म्हणतेस तर असेल. तिकडे पाऊस आहे का?"

आहे, म्हटलं.

घर कुठलं म्हणून विचारलं तर मी अजून चिंचवडच सांगते. पण दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला मी दार लावून घेतलं, एका मेलेल्या बाईच्या जागेवर जाऊन बसले, आणि कधी पाऊलही न ठेवलेल्या देशासाठी कडाकडा भांडायला लागले.