सकाळचं रीडिंग

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, पायऱ्या चढणं बंद झालं, म्हणून आम्ही घरामागे तळमजल्यावर तिच्यासाठी एक खोली बांधली. वायरिंग केलं माझ्या धाकट्या बहिणीने. आयटीआयमधून तिने इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलाय, सासरी लोणारला ती हीच कामं घेते, आणि आपल्यासारखं काम जिल्ह्यात कोणी करत नाही, हे ती स्वतःच सांगते. विनय हा गुण आमच्या घरात कोणाच्याच वाट्याला आला नाही.

मृग तोंडावर आला होता. आभाळ भरून यायचं, पडायचं काही नाही, नुसती तलखी. आई टिनाच्या ओसरीत पलंगावर घामाने भिजत होती आणि नवा कूलर तिच्या नव्या खोलीत कोरडा उभा होता. बहिणीने ‘चालू कर’ म्हणायचा अवकाश होता. ती म्हणत नव्हती.

कारण तिचा मेगर. लाइन चालू करण्याआधी हे यंत्र तारेत जादा दाब घालून पाहतं, करंट कुठे झिरपतो का. आकडा जितका मोठा, तितकी तार निर्धोक. सकाळी साऱ्या खोलीचा मिळून आकडा इतका खाली आला, की मी लगेच दुकानदाराच्या नावाने शिव्या सुरू केल्या. नवी वायर बोगस दिली म्हणून.

“वायरले काऊन दोष देऊन राह्यला?” ती म्हणाली. तिने बल्ब काढले, पंखा सोडवला, बोर्डातल्या लाइनी वेगळ्या केल्या आणि एकेकीला मेगर लावला. सगळ्या चोख निघाल्या. एकटी कूलरच्या सॉकेटची लाइन नापास.

दुपारी ऊन पडलं. तिने पुन्हा तपासलं, तर आकडा चांगला वर गेलेला. मी मेन स्विचकडे निघालोसुद्धा.

“उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग! सकाळी पुन्हा पाहू.”

सकाळी आकडा पुन्हा तळाला. प्लास्टर ओलं असेल, सुकेल आपोआप, असं मी म्हणालो.

“नुसती ओल असती तं आकडा रोज थोडा थोडा चढला असता अन् वरच राह्यला असता. खिळा घुसला असता तं चढलाच नसता. हा चढून राह्यला अन् उतरून राह्यला.” असं म्हणत तिने सॉकेट बाहेर काढलं. पेटीच्या आत, स्क्रूंभोवती पांढरी पापडी धरली होती. मीठ!

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. गवंड्याने प्लास्टर पक्कं व्हावं म्हणून तराई करताना तेच पाणी भिंतीवर मारलं होतं आणि ही पेटी उघडी राहिली होती. उन्हात मीठ सुकायचं, सकाळच्या दमट हवेत पुन्हा ओल धरायचं. नुसत्या आकड्याच्या चढउतारावरून भिंतीला कोणतं पाणी पाजलं ते माझ्या बहिणीने ओळखलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की भांडायचं राहूनच गेलं. अर्थात दोन मिनिटंच.

“एवढ्याशा मिठाने काय होतंय? ईएलसीबी लावलंय ना तू? करंट झिरपला तर तो स्विच आपोआप पडून लाइन तोडेल की.”

“पडन ना. कूलरची ओल लागली की रोज सकाळी पडन. तू चार दिवस वर करशीन अन् पाचव्या दिवशी वैतागून काढून फेकशीन. वळखत नाई काय मी तुले?”

अगदी तसंच झालं असतं. आमच्याकडे घरोघरी तसंच होतं, आणि कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याचं दर उन्हाळ्यात कानावर येतं.

ओसरीतून आई ओरडली, “लाव ना वं पोरी, जीव जाऊन राह्यला माहा!”

बहिणीचे डोळे भरून आले. “अजून एक दिवस, माय,” एवढंच ती बोलली आणि पक्कड उचलली. माझ्याने आईला नाही म्हणवलं नसतं. मी कधीच बटण दाबून मोकळा झालो असतो.

तिने तार ओढून काढली, ती पेटी कायमची बुजवली आणि कूलरची नवी लाइन दुसऱ्या, कोरड्या भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीत नेली. अर्थिंग पुन्हा तपासलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच, हवा सगळ्यात दमट असताना, मेगर लावला. आकडा चांगला वर होता. दुपारपर्यंत तिने तो आणखी दोनदा पाहिला. मी तोंडातून शब्द काढला नाही, आणि माझ्यासाठी ही काही लहान गोष्ट नव्हे.

मग आईला उचलून खोलीत आणलं. कूलर सुरू झाला. गार झोत अंगावर आला तसा तिने हात लांबवला आणि पंजा सरळ कूलरच्या पत्र्यावर टेकवला. मी दचकून पुढे झालो. बहीण जागची हलली नाही.

“कसा गार हाय वं,” आई म्हणाली, आणि हात तसाच ठेवून झोपी गेली.