शेवटचा पूल

व्हिडिओ गेममधला ससा इतका गोंडस होता, की शिंपीणबाईंना तो खेळ म्हणजे पोरखेळच वाटला होता. पण त्यातला शेवटचा तुटका पूल त्यांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला चार वर्षांत ओलांडता आला नव्हता. कंट्रोलर एकच. डाव्या बाजूने बाई सशाला चालवायच्या, उजव्या बाजूने धाकटी उडी मारायची.

"मशीन चालवतेस तसा ससा चालवतेस, ताई. नाकासमोर!" धाकटी चिडवायची.

धाकटीला जाऊन महिना झाला. आज तिचा नवरा लेकीसाठी तो खेळ न्यायला आला होता.

"एकदा पूल ओलांडते, मग न्या," बाई म्हणाल्या.

आठवडाभर त्या एकट्याच खेळत होत्या. डावा अंगठा सशाला काठापर्यंत न्यायचा, उजवा मात्र नुसता वाट बघायचा. ससा पाण्यात.

"द्या, उडी मी मारतो." तो शेजारी बसला. ससा पडला.

"घाई केलीत."

"मग ती कधी मारायची उडी?"

"मी हाक मारली की."

"मग मारा की हाक."

ससा पुन्हा काठाकडे निघाला. बाईंनी तोंड उघडलं. 'चिमे' ही धाकटीला मारायची हाक महिनाभरात त्यांच्या तोंडून निघाली नव्हती. आताही निघाली नाही. तो बटणावर बोट ठेवून थांबून राहिला. ससा पाण्यात पडला आणि पुलाअलीकडे कान हलवत पुन्हा उभा राहिला.

बाईंनी कंट्रोलरची वायर नीट गुंडाळली.

"न्या," त्या म्हणाल्या.