दुसऱ्या ठाण्याची खूण

हे मी माझ्या बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं न्हाय. तुम्हाला सांगतोय, तेही अडखळत — कारण कुठून धरावं तेच कळत न्हाय.

लढाईत माझ्या हाती बंदूक नव्हती, पेन्सिल होती. ठाण्याठाण्यांवरून वायरलेसवर खबरा यायच्या. त्या नोंदवहीत लिहायच्या, ताडून बघायच्या, नकाशावर खुणा करायच्या. नियम साधा — दोन ठाण्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघितलं तरच पक्की खूण, एकानंच बघितलं तर तुटक रेघ. त्या खुणा बघून साहेब माणसं पुढं पाठवायचे. यात अवघड काय होतं?

त्या सकाळी पहिल्या ठाण्यानं कळवलं, समोरची टेकडी रिकामी हाय. दुसऱ्या ठाण्यावर दिगू होता — आमच्या ईट गावचाच, माझ्या बरोबरीचा. तो बोलला, "टेकडी रिकामी म्हणत्यात." मी पक्की खूण करून टाकली. तवर तो पुढं म्हणाला, "पर आमाला धुक्यात कायबी दिसंना. पहिल्या ठाण्याचंच ऐकून सांगतोय. एकच खबर दोनदा धरू नको."

साहेब मागंच उभे होते. खूण बघून "शाब्बास" म्हणाले होते. खोडायला कितीसा वेळ लागला असता? मी खोडली न्हाय. लाज वाटली — साहेबांपुढं चूक दिसायची, म्हणून.

टेकडी रिकामी नव्हती. गेलेल्यांतले चौघं परत आले न्हाईत.

चौकशीत मी सांगितलं, आपल्या डोळ्यांनी बघितलं असंच दिगूनं कळवलं होतं. नोंदवहीत माझ्याच हातानं तसं लिहिलेलं होतं, तेच धरलं गेलं. दिगूला घरी धाडलं.

इथवर भीती होती म्हणा. पण पुढचं? सुट्टीवर गावी आलो, तर हॉटेलात लोकांनी विचारलं, दिगू लवकर का परतला. "न बघता खबर दिली त्यानं," मी म्हणालो. कुणी धमकावत नव्हतं. चहा पीत पीत म्हणालो.

दुष्काळात दिगूनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. पुढं गावात दूध सोसायटी निघाली. दूध तपासायला भरवशाचा माणूस पाहिजे होता, दिगूनं अर्ज केला. मी तवर नोकरी संपवून आलेलो, कमिटीत होतो. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "तो न बघताच सांगतोय, त्याला कशाला?" सगळे हसले. मीबी हसलो.

दिगू दारातच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, चप्पल घातली अन् गेला. पुढंही तो खडीच फोडत राहिला.

गावात त्यानं माझं नाव कधी घेतलं न्हाय. आजबी भेटला की "बरं हाय का?" विचारतो. मी बरं हाय म्हणतो.

दिगूनं खरं सांगितलं होतं. दोनदा मी धरलं.