पाटीबाईंनी न वाचलेला निबंध

माझ्या धाकट्या जावेला आमच्या घरात सगळे पाटीबाई म्हणतात. नाव ठेवलं तिच्या नवऱ्यानंच. लग्नानंतर दोघं आठ दिवस फिरून आली आणि आम्ही कौतुकानं फोटो बघायला बसलो, तर दोनशे फोटोंपैकी सहा नवऱ्याचे आणि उरलेले पाट्यांचे. 'लिफ्टचे दार ओढून घ्यावे.' 'विनाकारण उभे राहू नये.' 'बाकावर पाय ठेवून बसू नये, आधी सांगितले आहे.' एका दवाखान्यात 'शांतता राखा'च्या खाली कुणीतरी पेन्सिलीनं 'आधी तुम्ही' असं लिहिलं होतं. तेवढ्यासाठी म्हणे ती अर्ध्या वाटेतून परत गेली होती.

"वहिनी, मी माणसाशी लग्न केलंय की नोटीस बोर्डाशी?" असं भावजींनी मला तेव्हा विचारलं होतं. पण पुढं तेच गाडी थांबवून, "अगं, इकडे एक झकास आहे बघ," म्हणून तिला हाका मारायला लागले.

ती कॉलेजात साहित्य शिकवते. अकरा वर्षं झाली, कंत्राटावर. दर वर्षी सत्र संपलं की नोकरी संपते, सुट्टी संपली की नवं पत्र मिळतं आणि ती पुन्हा त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर उभी राहते. विद्यार्थ्यांना यातलं काही ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी ती जुनी, कडक आणि पेपर वेळेवर तपासून देणारी बाई.

पाट्या हा तिचा अभ्यासाचा विषय. मी स्वतः साहित्य घेऊन पदवीपर्यंत शिकले आणि मग घरात रमले, त्यामुळे तिच्या लिखाणाची पहिली वाचक मीच. भाजी निवडता निवडता ती मला समजावून सांगायची, "ताई, पाटीत माणूस कधीही 'मी' म्हणत नाही. जिन्यात पाणी सांडलं म्हणून तळमजल्यावरची बाई चिडते, तिचा पाय घसरलेला असतो; पण लिहिताना काय लिहिते? 'सर्व रहिवाशांनी नोंद घ्यावी.' स्वतःच्या रागाला ती सोसायटीचा कोट चढवते."

मला हे इतकं पटलं की त्यानंतर कुठलीही पाटी वाचली की मी तिच्यामागचा माणूस शोधायला लागले.

सहा वर्षांपूर्वी यावरचा तिचा पहिला निबंध एका कॉलेजच्या वार्षिकात छापून आला. वार्षिक लहानसं होतं, पुढं ते बंदच पडलं. नंतर ती चर्चासत्रांना जायला लागली. एकदा मी सोबत गेले होते. उद्घाटन, सत्कार आणि पाहुण्यांचं भाषण यांत दुपार झाली. तिच्या वाट्याला आली चौदा नंबरची खोली. ऐकायला सहा माणसं: चौघं स्वतःचा नंबर लागायची वाट बघणारी, एक प्रोजेक्टर सांभाळणारा आणि सहावी मी. तिची प्रस्तावना संपत होती तेवढ्यात अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली, 'दोन मिनिटे'. दोन महिने खपून केलेलं काम तिनं दोन मिनिटांत गुंडाळलं. वर अध्यक्ष म्हणाले, "विषय गमतीदार आहे." परत येताना हातात एक फाईल, एक पेन आणि एक प्रमाणपत्र.

"गमतीदार!" ती वाटेत तीनदा म्हणाली.

तर गेल्या वर्षी तिच्या कॉलेजात एक जागा कायम व्हायची निघाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि विभागप्रमुखांनी स्पष्टच सांगितलं होतं की पुढची दहा वर्षं दुसरी निघायची नाही. अट अशी की गेल्या तीन वर्षांत मान्यताप्राप्त नियतकालिकात एक तरी निबंध हवा. छापलेला नसला तर निदान स्वीकारल्याचं पत्र. बंद पडलेल्या त्या वार्षिकाला मान्यता नव्हती आणि तीन वर्षंही केव्हाच उलटली होती. पण पाटीबाई निर्धास्त होती. नवा, मोठा निबंध एका नावाजलेल्या त्रैमासिकाकडे जाऊन आठ महिने झाले होते. उत्तर आजउद्या यायचंच होतं.

या त्रैमासिकाची एक पद्धत आहे. आलेला निबंध दोन परीक्षक वाचतात, पण तो कुणाचा हे त्यांना सांगत नाहीत आणि परीक्षक कोण हे लिहिणाऱ्याला सांगत नाहीत. ओळखीपाळखीनं छापलं जाऊ नये म्हणून. निबंधात आपली ओळख पटेल असं काहीही ठेवायचं नाही, असा नियम. आता आमची पाटीबाई म्हणजे सूचना पाळण्यात एक नंबर! नाव काढलं, कॉलेजचं नाव काढलं, ऋणनिर्देशातली मी निघाले, आणि शेवटच्या संदर्भसूचीतून तिनं स्वतःचा तो जुना निबंधही काढून टाकला. तो ठेवून, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे असं लिहायचं असतं म्हणे. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्जाच्या शेवटच्या तारखेला सतरा दिवस उरले असताना उत्तर आलं. आम्ही चहा घेत होतो. तिनं फोनवर वाचायला सुरुवात केली आणि कप खाली ठेवला.

"काय गं?" मी विचारलं.

"पहिला परीक्षक चांगला म्हणतोय. दुसरा... थांबा, वाचूनच दाखवते." आणि तिनं वाचलं, "'या विषयावरील पायाभूत निबंध लेखकाने वाचलेलाच दिसत नाही. त्या निबंधातील विचार येथे पानोपानी डोकावतात, श्रेय मात्र कोठेही नाही. हे अज्ञान असेल तर गंभीर आणि उचलेगिरी असेल तर अतिगंभीर. निबंध नाकारावा.'"

"कुठला गं एवढा पायाभूत निबंध? तुझ्या नजरेतून कसा सुटला?"

तिनं फोन माझ्यापुढं धरला. खाली निबंधाचं नाव होतं, सहा वर्षांपूर्वीचं साल होतं आणि लेखिकेचं नाव होतं. तिचंच.

भावजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, वाच की एकदा! चांगला असणार, एवढं सांगतायत तर!" मीही हसले, खोटं कशाला बोलू? मग तिचा चेहरा पाहिला आणि आमचं दोघांचंही हसू जागच्या जागी विरलं. कुठल्या तरी अनोळखी अभ्यासकानं तिच्या कामाला पायाभूत म्हटलं होतं, आणि तेवढ्यासाठीच तिला चोर ठरवलं होतं. स्वीकृतीचं पत्र तर हातचं गेलंच.

तिनं त्याच दिवशी संपादकांना सविस्तर लिहिलं. उत्तर सहा दिवसांनी, तीन ओळींचं. खुलाशाची नोंद घेतली आहे. लेखकाची ओळख परीक्षकास कळवता येत नाही. निबंध नव्या परीक्षकाकडे पाठवू, सुमारे चार महिने लागतील.

"चार महिने!" मी म्हटलं. "चल, ऊठ. समोर जाऊन बोलू."

"असं जाणं बरं दिसेल का, ताई?"

"तुला चोर म्हटलेलं बरं दिसतंय?"

त्रैमासिकाचं नाव मोठं, म्हणून मी मनात एखादं ऐसपैस कार्यालय धरून गेले होते. निघाली एका वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची अडगळीसारखी खोली. खिडकीच्या निम्म्या उंचीपर्यंत जुन्या अंकांचे गठ्ठे. संपादक म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, बोटांना डिंक लागलेला. वर्गणीदारांच्या पाकिटांवर स्वतःच पत्ते चिकटवत बसलेले. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पण असा माणूस समोर बसल्यावर भांडणार कुणाशी?

"बसा, बसा. त्या गठ्ठ्यावर बसलात तरी चालेल, तो कुणी मागत नाही," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून, "पाट्यावाल्या तुम्हीच ना? तुमचा तो पहिला निबंध मी दोनदा वाचलाय."

"मग सर, तुम्हाला ठाऊक होतं, तर..."

"मला ठाऊक असतंच हो. परीक्षकाला ठाऊक नसतं. हा नियम मीच आणला, वीस वर्षांपूर्वी. त्याआधी इथं कुणाचा जावई, कुणाचा शिष्य, एवढंच बघून छापायचे." त्यांनी कपाळ पुसलं, डिंक तिथंही लागला. "पण अभिप्राय आला तेव्हा मी नीट वाचायला हवा होता. एका हाती कारभार आहे. वाचला नाही आणि तसाच पुढं पाठवला. चूक माझी."

मग त्यांनी कोरं पत्रशीर्ष पुढं ओढलं. "तारीख कधीची आहे? असं करू, मी स्वीकारल्याचं पत्र देतो. एक परीक्षक चांगलं म्हणतोयच. दुसऱ्याचं मी मागाहून निस्तरीन."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण पाटीबाई गठ्ठ्याच्या सुतळीची गाठ सोडत बसली होती.

"सर," ती शेवटी म्हणाली, "अशा पत्रांमुळेच दुसऱ्या कॉलेजांत मी दोनदा मागे पडलेय. दोन्ही वेळा घरी येऊन त्या लोकांना नावं ठेवलीयत. ह्यांना विचारा, ह्यांनी ऐकलंय ते." तिनं माझ्याकडे हात केला. "तुम्ही जे घडलं तेच लिहून द्या. परीक्षकानं मला माझाच निबंध वाचायला सांगितला, म्हणून नाकारला गेला आणि फेरतपासणी चालू आहे, एवढं."

"त्याचा उपयोग होईल?" संपादकांनी विचारलं.

"बघू."

त्यांनी तसं पत्र लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. जिना उतरताना माझा तोल सुटला. "हातात आलेलं पत्र परत केलंस? अकरा वर्षं कमी झाली का तुला? तिकडे कोण येणारे गं तुझा खरेपणा बघायला?"

"ओरडा तुम्ही, ताई," ती म्हणाली. "पण हळू. खाली वाचनालय आहे."

अर्ज द्यायला मीही गेले. कॉलेजच्या कार्यालयातल्या बाई तिला अकरा वर्षं ओळखतात. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, ओठ दाबून हसल्या आणि अर्ज पुढं सरकवला. न छापलेल्या निबंधाच्या रकान्यात दोनच चौकटी होत्या: स्वीकृत आणि नाकारलेला.

"यात माझं कुठं बसतं?" पाटीबाईंनी विचारलं.

"अहो मॅडम, स्वीकृतवर खूण करा आणि पत्र मागं जोडून टाका. आत वाचतंय कोण? मुलाखतीत काय ते सांगा."

ती पेन हातात धरून बराच वेळ चौकटींकडे बघत राहिली. मागची रांग चुळबुळ करायला लागली. मग तिनं 'नाकारलेला'वर खूण केली आणि बाजूला, अगदी बारीक अक्षरात, 'सोबतचे पत्र पाहावे' असं लिहिलं.

पत्र कुणी पाहिलं नाही. छाननीतच अर्ज बाद झाला. कारण, पात्र शोधनिबंध नाही. मुलाखतीला तिघांना बोलावलं, त्यात ती नव्हती. विभागप्रमुख तिला म्हणाले, "काही तरी करायला हवं होतंत हो तुम्ही. वाईट वाटलं." त्यांना खरंच वाईट वाटलं असणार. म्हणून तर माझा जास्त संताप झाला. ज्याला त्याला वाईट वाटत होतं. संपादकांना, कार्यालयातल्या बाईंना, विभागप्रमुखांना. एकानं तरी निर्लज्जपणा केला असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

सुट्टीनंतर तिनं बाराव्यांदा कंत्राटावर सही केली. नव्यानं कायम झालेली मुलगी तिच्याच खोलीत बसायला आली. पहिल्या आठवड्यात तिला वेळापत्रक, जुन्या प्रश्नपत्रिका आणि न उघडणाऱ्या कपाटाची युक्ती, सगळं पाटीबाईंनीच समजावून दिलं. मुलगी चांगली आहे म्हणते. असेल.

आणि त्रैमासिकाचं म्हणाल, तर निबंध स्वीकारला. चार नाही, पाच महिन्यांनी. अंक घरी आला तेव्हा सकाळची घाई होती. ती डबा भरत होती. हात पुसून तिनं पाकीट फाडलं आणि ओट्याशी उभ्या उभ्याच आपला निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. छपाईच्या दोन चुका निघाल्या. संदर्भसूचीत तिचा जुना निबंध यावेळी रीतसर होता, तिच्या नावासकट.

सासूबाई पाणी प्यायला आत आल्या होत्या. अंक हातात घेऊन त्यांनी सुनेचं नाव बोटानं शोधलं आणि खूश झाल्या.

"म्हणजे आता कायम झालीस ना गं?"

"नाही, आई. ती जागा गेली."

"मग हे आता कशाला छापलं त्यांनी?"

पाटीबाईंनी डब्याचं झाकण दाबलं. ते नीट बसेना. दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा मी तिच्या हातातून घेतलं आणि लावून दिलं.

"पहिला तास आहे," ती म्हणाली आणि चपला घालायला गेली.